कागद कुठल्या बाजूला वळतो

रद्दीवाल्याच्या हातात जाड बांधणीचं पुस्तक पडलं की तो आधी पुठ्ठा ओरबाडून बाजूला टाकतो. त्याच्या लेखी पुठ्ठा हा एक माल, आतला कागद दुसरा, आणि गुळगुळीत आर्ट पेपर तिसरा. पुस्तक कुणाचं, कशावरचं, किती वाचलेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपल्याला हे बघवत नाही. पुस्तकाला पाय लागला तर हात आपोआप कपाळाकडे जातो, दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते, आणि मग त्याच पुस्तकावर कटर चालवायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. तरीही जुनं पुस्तक कापून-दुमडून त्यातून घडीचं अक्षर, वही, टोपली, आकाशकंदील असं काही करायचं असेल तर गुरू म्हणून तो रद्दीवालाच बरा. इंटरनेटवरच्या शंभर चित्रांत पुस्तक म्हणजे नुसती सजावट असते. रद्दीवाला निदान पुस्तकाकडे कागद, पुठ्ठा, दोरा आणि गोंद म्हणून पाहतो.

पोटातला तो गोळा मात्र घालवू नये. कापण्याआधी चार प्रश्न विचारायला तोच लावतो.

काही पुस्तकांना कात्री लावायचीच नाही. शिळाछापाच्या पोथ्या, स्वातंत्र्यापूर्वीचं काहीही, जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे सुटे अंक, कुलवृत्तांत, एखाद्या गावाचा किंवा देवस्थानाचा इतिहास, शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, सहकारी संस्थेचे जुने अहवाल. यांतलं बरंचसं दिसायला अगदीच टाकाऊ असतं. कागद तपकिरी, छपाई कळकट, वाचणारा कुणी नाही. पण त्यांच्या प्रती मुळातच थोड्या निघालेल्या असतात आणि त्यांची दुसरी आवृत्ती कधी निघत नाही. हे पुस्तक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा निदान तालुक्याच्या वाचनालयाला हवं आहे का, हे एका फोननं कळतं. दुसरीकडे, अभ्यासक्रम बदलल्यावरची गाईडं, दहा वर्षांपूर्वीच्या प्राप्तिकराच्या पुस्तिका, कधीच्या काळच्या संगणकप्रणाली शिकवणारे जाडजूड ग्रंथ, टेलिफोन डिरेक्टऱ्या, वाचनालयानं ‘बाद’ शिक्का मारून काढलेल्या आणि निम्मी पानं गळालेल्या कादंबऱ्या, यांच्याबाबतीत मन घट्ट करायला हरकत नाही. हजारोंनी छापलेल्या पुस्तकाची एक फाटकी प्रत कापली म्हणून ते पुस्तक जगातून नाहीसं होत नाही.

फोर्टच्या फुटपाथवर किंवा कुणाच्या माळ्यावर कधीकधी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली, झगझगीत हिरव्या कापडात बांधलेली इंग्रजी पुस्तकं सापडतात. त्या काळच्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असे. असं पुस्तक कापू नये, घासू नये, मुलांच्या हाती तर देऊच नये.

आता मुद्द्याची गोष्ट. कुठल्या पुस्तकाचं काय करायचं हे आपण ठरवतो असं वाटतं, पण बरंचसं ते पुस्तकानंच ठरवून ठेवलेलं असतं. कागद कसला, तंतू कुठल्या दिशेनं गेलेत, पानं शिवलेली आहेत की चिकटवलेली, या तीन गोष्टी न बघता आधी ‘काय करायचं’ ते ठरवणारे निम्म्या वाटेवर अडतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात.

कागदाची परीक्षा कोपऱ्यावर घ्यायची. मधल्या एखाद्या पानाचा कोपरा पुढे दुमडायचा, मग मागे, पुन्हा पुढे. तीन-चार वेळा दुमडून कोपरा तुटून हातात आला तर त्या कागदातून घडीचं, म्हणजे पानं दुमडून आकार उठवण्याचं, कुठलंही काम होणार नाही. असं का होतं त्याला दोन कारणं आहेत. कागदावर शाई पसरू नये म्हणून त्याला राळ आणि तुरटी लावण्याची रीत १८०७ साली जर्मनीत निघाली आणि पुढे सगळीकडे गेली. या तुरटीतून कागदात आम्ल येतं. नंतर चिंध्यांऐवजी लाकूड दळून लगदा करू लागले, तेव्हा लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्यही कागदात आलं, आणि ते उजेडानं आणि हवेनंही पिवळं पडतं. गोदरेजच्या कपाटात बंद असूनही पुस्तक कडांपासून आत तपकिरी होत जातं ते म्हणूनच. अशा कागदाचा लगदा करता येतो, सपाट चिकटवून तो वापरता येतो, पण घडी त्याला सोसत नाही.

उलट टोकाला बालभारतीची पुस्तकं. सुरुवातीच्या श्रेयनामावलीच्या पानावर कागदाची जातही छापलेली असते, ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह. एक चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम, असा त्याचा अर्थ. घडीकामाला, मण्यांना, पाकिटांना हा कागद फार गुणी आहे. २०२३-२४ च्या पाठ्यपुस्तकांत तर मधेमधे वहीची कोरी पानंही घातलेली होती. ज्यांच्या घरी ती पुस्तकं पडून आहेत त्यांना नव्या वहीचा कागद फुकट मिळाला म्हणायचा. आर्ट पेपर म्हणजे रंगीत मासिकांचा चकचकीत कागद. त्यावर चिनी मातीचा थर असतो. घडीच्या जागी हा थर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते.

तंतूंची दिशा, म्हणजे बाइंडर ज्याला ग्रेन म्हणतात ती, ओळखायला सोपी. पानाचा तुकडा आधी उभा आणि मग आडवा फाडून पाहावा. एका दिशेला तो जवळजवळ सरळ फाटतो, दुसरीकडे वेडावाकडा. सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. दुसरी खूण अशी, की कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला केला की तो वळतो, आणि वळून जी नळी होते ती तंतूंना समांतर असते. नीट छापलेल्या पुस्तकात तंतू कण्याला समांतर असतात, त्यामुळे पान सहज उलटतं. काटकसरीच्या छपाईत तसं नसेलही. हे एवढं कळलं की पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

उरली बांधणी. कण्याच्या वरच्या टोकाकडून डोकावून पाहा. कागदाचे छोटे छोटे गठ्ठे मधोमध दुमडून एकावर एक रचलेले दिसले तर ती जुजांची शिलाई. एकेका जुजात साधारण १६ पृष्ठं. पानं सुटी आणि वर डिंकाचा जाड पांढरट थर असेल तर ती नुसती चिकटवलेली बांधणी. तिसरा प्रकार बाजूनं पिना ठोकून टाचलेली गाईडं. घडीकामाला फक्त पहिला प्रकार चालतो. चिकटवलेल्या पुस्तकाच्या पन्नासेक पानांच्या घड्या होईपर्यंत कणा चिरतो आणि पानं पत्त्यांसारखी सांडतात.

कामाला बसण्याआधी किड्यांचा बंदोबस्त. कसर लागलेलं पुस्तक घरातल्या इतर पुस्तकांजवळ आणणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात उंदीर सोडणं. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून एक दिवस थांबायचं. नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी थंड पानांवर जमतं आणि कसर गेली पण बुरशी आली असं होतं. बुरशीचे काळे-हिरवे ठिपके पसरलेलं पुस्तक मात्र घेऊच नये. पान उलटताना ती बुरशी सरळ श्वासात जाते.

घडीकाम म्हणजे पुस्तक उभं उघडून ठेवलं की पानांच्या कडांतून एखादं अक्षर किंवा आकार उठून दिसतो, ते. परदेशी नमुने बदाम, फुलपाखरू आणि रोमन अक्षरांचे असतात. मराठी अक्षर करायला गेलं की खरी गंमत सुरू होते, आणि ती गंमत शिरोरेषेची असते.

तत्त्व साधं आहे. प्रत्येक पानाच्या बाहेरच्या कडेवर पेन्सिलीनं दोन खुणा करायच्या, वरची आणि खालची. वरच्या खुणेपासून वरचा भाग ४५ अंशांत आत दुमडायचा, खालच्या खुणेपासून खालचा. मधे कडेची जी पट्टी उरते तेवढीच समोरून दिसते. अशी शंभर पानं एकापुढे एक आली की पट्ट्यांचं चित्र होतं. आलेखाच्या कागदावर १२ सेंटिमीटर रुंद आकार काढला तर प्रत्येक मिलिमीटरची एक उभी रांग म्हणजे एक पान, एकूण १२० पानं. इथे पहिली फसगत होते. १२० पानं म्हणजे २४० पृष्ठं. छापलेला आकडा पृष्ठांचा असतो. शिवाय दोन्ही बाजूंना वीस-वीस पानं कोरी सोडावी लागतात, म्हणजे पुस्तक किमान ३२० पृष्ठांचं हवं. सुरुवात पुढच्या मुखपृष्ठाकडून करायची. मागून केली तर अक्षर आरशातलं निघतं, आणि ते सत्तर-ऐंशी घड्या झाल्यावर लक्षात येतं.

बदामाच्या आकारात जवळजवळ प्रत्येक रांगेत एकच सलग पट्टी असते. देवनागरीत तसं नाही. ‘ग’ घ्या. काना जिथे आहे तिथे शिरोरेषेपासून तळापर्यंत एकच पट्टी. मधल्या मोकळ्या जागेत नुसती शिरोरेषा, तीही एकच पट्टी. पण डावीकडच्या खालच्या आकड्यापाशी वर शिरोरेषा आणि खाली आकडा, असे दोन तुकडे एकाच रांगेत येतात. एक पान दोन तुकडे दाखवू शकत नाही. उपाय असा, की एका पानावर वरचा तुकडा ठेवायचा, पुढच्या पानावर खालचा, पुन्हा वरचा. थोडं लांबून डोळा ते जोडून घेतो. ‘क’ला हा उपायही अपुरा पडतो. त्याच्या डाव्या गाठीत शिरोरेषा, गाठीची वरची कड आणि खालची कड असे तीन तुकडे. प्रत्येक तुकड्याला तीनांतलं एकच पान मिळतं आणि गाठ विरळ, धुरकट दिसते. म्हणून पहिला प्रयत्न ‘न’, ‘ग’ किंवा ‘र’चा करावा. ‘श्री’नं सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरावा.

अवघड अक्षरांसाठी कापून दुमडायची रीत आहे. रांगेतल्या प्रत्येक तुकड्याच्या वर आणि खाली कात्रीनं आडवी एक सेंटिमीटर खोल चीर द्यायची, आणि तुकड्यांच्या मधला जो भाग दिसायला नको तो पट्टीसारखा आत दुमडायचा. म्हणजे एकाच पानावर तीनही तुकडे कडेला राहतात आणि बाकीचं एक सेंटिमीटर मागे सरतं. वेळ दुप्पट लागतो, पण अक्षर ठसठशीत येतं. सगळ्या चिरा एकाच खोलीच्या हव्यात. त्यासाठी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक सेंटिमीटरची रेघ मारून तो पानाखाली धरावा, दर वेळी फूटपट्टी लावत बसू नये.

खुणेतली अर्ध्या मिलिमीटरची चूक खपते. दोन मिलिमीटरची चूक झाली तर तिथे दात पडल्यासारखं दिसतं. घडी नखानं दाबू नये, शंभराव्या पानाला नख सोलतं. स्टीलच्या चमच्याचा दांडा उत्तम. वीसेक पानं झाली की पुस्तक उभं करून पाहावं, कारण घड्यांमुळे जाडी वाढून चित्र आडवं पसरतं. किती पसरतं ते कागदाच्या जाडीवर आहे, त्याचं कोष्टक नाही. फार पसरत असेल तर आराखड्यातलं अक्षर अरुंद करून घ्यावं. आणखी एक अट भूमितीची. पानाचा दुमडलेला भाग कण्याला अडतो, त्यामुळे वरच्या टोकापासून खुणेचं अंतर पानाच्या रुंदीपेक्षा बरंच कमी हवं. १४ सेंटिमीटर रुंद पानाला १२ च्या पुढे जाऊ नये.

पोकळ पुस्तकाची, म्हणजे आत कप्पा कोरलेल्या पुस्तकाची, फार महती सांगण्यात अर्थ नाही. चोराला ही युक्ती आपल्याआधी माहीत असते. तरी चष्मा, किल्ल्या, शिवणाची पेटी यांसाठी तो बरा. पहिली दहा पानं मोकळी सोडायची. बाकीच्या पानांच्या तिन्ही कडांना दोन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी असं मिश्रण ब्रशनं लावायचं आणि वजनाखाली वाळवायचं. पाणी जास्त झालं की कडा फुगून लाटा येतात, त्या परत बसत नाहीत. पावसाळ्यात हे वाळायला दोन दिवस सहज लागतात. मग कडेपासून दोन सेंटिमीटर, कण्याकडून अडीच सेंटिमीटर सोडून चौकोन आखायचा आणि एका वेळी दहा-बारा पानंच कापायची. सगळ्यांचा होणारा घोळ म्हणजे कप्पा खाली खाली अरुंद होत जातो. हात दमला की कटर आत झुकतो आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा केसभर लहान निघतो. त्यासाठी स्टीलची पट्टी लावून कटर उभा धरायचा, आणि दर चाळीसेक पानांनंतर पात्याचं टोक मोडून नवं काढायचं. पाती स्वस्त असतात. बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं, आणि कोपऱ्यात कागदाची लव राहते.

आम्हाला विचाराल तर जुन्या पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे त्याचा पुठ्ठा. बक्रम कापडाचा, सोनेरी अक्षरं थोडी पुसट झालेला, कोपरे झिजलेला. आतली पानं जीर्ण झाली तरी पुठ्ठा पुढची चाळीस वर्षं निघू शकतो. त्यात नवी वही बसवावी.

मुखपृष्ठ उघडून कण्यालगतच्या खाचेत, फक्त अस्तराचा कागद आणि खालची जाळी कापेल इतक्याच खोलीनं कटर फिरवायचा. मागेही तसंच. आतला गठ्ठा सुटा होतो आणि रिकामा पुठ्ठा हातात येतो. बाहेरचं कापड कापलं गेलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापावं. कण्याची आतली रुंदी मोजा, समजा २४ मिलिमीटर. ८० जी.एस.एम.चे चार ताव मधोमध दुमडले की एक जूज होतं, आणि शिलाईचा फुगवटा धरून त्याला साधारण एक मिलिमीटर जागा लागते. म्हणजे वीस-एकवीस जुजं. कण्यात दोन-तीन मिलिमीटर ढील राहिली तरच वही नीट मिटते.

आता पुन्हा तंतू. दुकानातल्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेनं असतात. तो मधोमध दुमडला की तंतू कण्याला आडवे येतात. वही होते, पण पानं ताठ उभी राहतात आणि गोंदाच्या ओलीनं कण्यालगत लाटा येतात. ए-थ्री कागद आणून त्याचे मधून दोन तुकडे केले तर मिळणारा ए-फोर बरोबर उलट्या दिशेचा असतो. तो दुमडला की तंतू कण्याला समांतर. मग ए-फाइव्ह झालेलं पान पुठ्ठ्यापेक्षा वर, खाली आणि समोर तीन-तीन मिलिमीटर आत राहील असं कापून घ्यायचं.

२१ सेंटिमीटर उंचीच्या पानाला वरून दीड, सहा, साडेसात, साडेतेरा, पंधरा आणि साडेएकोणीस सेंटिमीटरवर दाभणानं भोकं पाडायची. पान कापून बुटकं झालं असेल तर हीच मापं मध्यापासून दोन्हीकडे सारखी घ्यायची. सहा ते साडेसात आणि साडेतेरा ते पंधरा या दोन जागी बाहेरून सुती नाडीच्या पट्ट्या येतात. दोरा नाडीवरून जातो आणि टोकांना खालच्या जुजाच्या टाक्यात अडकवून गाठ पडते. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे घसरत नाही. ओढायचा तो नेहमी कण्याच्या दिशेनं, सरळ वर ओढला तर भोक फाटतं. शिवून झालं की कण्याला फेव्हिकॉल आणि मैद्याची खळ निम्मी-निम्मी लावून वर मलमलीची पट्टी, दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर बाहेर राहील अशी. ती पट्टी आणि नाड्यांची टोकं पुठ्ठ्याच्या आतून चिकटवायची आणि वर अस्तर. अस्तराला जुन्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा छान दिसतो. गठ्ठ्याचा कणा मात्र पुठ्ठ्याच्या कण्याला चिकटवायचा नाही. तिथे पोकळी राहायला हवी, म्हणजे वही उघडताना बाहेरचा कणा मोडत नाही. घरच्या बांधणीत ही चूक इतक्यांदा दिसते की वहीचा कणा चिरलेला पाहिला तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

खळ घरीच करावी. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गाठी मोडून कालवायचा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल असं वाढवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं सतत ढवळायचं. पांढरट मिश्रण काचेसारखं चमकू लागलं की झाली. मलमलीतून गाळून थंड करायची. बाहेर दोन दिवस टिकते. बाइंडर लोक तिच्यात मोरचूद टाकत, कारण पिठाची खळ हे कसरीचं आवडतं खाणं. मोरचूद विषारी आहे, घरच्या भांड्यात नको. चार-पाच थेंब लवंगेचं तेल पुरे. फेव्हिकॉलपेक्षा खळ सरस आहे ती एका गोष्टीत, अस्तर वाकडं बसलं तर ते सरकवायला अवधी मिळतो.

घडी न सोसणाऱ्या, कोपरे तुटणाऱ्या कागदाचं काय करायचं, याचं उत्तर आपल्याकडच्या जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. सूप आणि टोपल्या त्या कागदाच्या लगद्यानं आणि वाटलेल्या मेथीनं लिंपत. बांबूच्या फटी बुजत, आणि मेथीच्या कडवटपणानं किडे लांब राहत. ही रीत आजही तशीच चालते.

अर्धा किलो कोरडा कागद. त्याआधी कण्याकडची सेंटिमीटरभर पट्टी कापून टाकायची, कारण बांधणीचा गोंद पाण्यात विरघळत नाही, च्युइंगगमसारखे गोळे होऊन लगद्यात फिरतो. पिना वेचायच्या. प्लास्टिकचा थर दिलेली मुखपृष्ठं आणि आर्ट पेपर घ्यायचे नाहीत. आर्ट पेपरमधल्या मातीमुळे लगदा वाळल्यावर ठिसूळ होतो. कागदाचे कपटे हातानं फाडावेत, कात्रीनं कापू नयेत, फाटलेल्या कडेला तंतू मोकळे सुटतात. दोन दिवस भिजवून, पाणी बदलून, मूठभर कपट्यांना तीन मुठी पाणी या हिशोबानं मिक्सरमधून फिरवावं. पाणी कमी घातलं तर मिक्सरच्या मोटरचा वास आधी येतो. फडक्यातून पिळून मळलेल्या कणकेइतका घट्ट करायचा. १०० ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून बारीक वाटून त्यात घालायची आणि दहा मिनिटं मळायचं. चिंचोक्याचं पीठ मिळालं तर त्याची वाटीभर खळ घालावी, पकड वाढते.

टोपली असेल तर आधी आतून, वाळल्यावर बाहेरून, चार-पाच मिलिमीटरचा थर द्यायचा. नुसत्या लगद्याचं भांडं करायचं असेल तर स्टीलच्या पातेल्याला तेलाचा हात लावून लगदा आतल्या बाजूनं थापायचा. बरेच जण पातेलं पालथं घालून वरून थापतात. सुकताना लगदा आकसतो. वरून थापलेला असेल तर पातेल्यावर आवळत जातो आणि शेवटी तडकतो. आतून थापलेला कडांपासून आपसूक सुटून येतो. जाड थर एकदम दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि चौथ्या दिवशी वास मारायला लागतो. हे काम होळी ते मृग या दिवसांतलं. गणपतीत करायला घेतलं तर बुरशीचीच प्रतिष्ठापना होईल. पूर्वी अशा टोपल्यांत धान्य असे. छापील कागदाच्या लगद्याला शाई असते, त्यामुळे आता त्यात सालासकटचे लसूण-कांदे किंवा लोकरीचे गुंडे ठेवावेत, पीठ नको.

पिवळ्या पडलेल्या कागदाला एक जागा अशी आहे की तिथे नवा कागद त्याच्या पासंगालाही पुरत नाही, ती म्हणजे आकाशकंदील. कोपऱ्याच्या परीक्षेत काठावर उतरलेली पानं इथे चालतात, कारण घडी नसते. १४ बाय साडेएकवीस सेंटिमीटरच्या पानातून १३ बाय २० ची चौकट सहज निघते. १३ सेंटिमीटरच्या बारा आणि २० च्या सहा कामट्या बांधल्या की षट्कोनी सांगाडा तयार, आणि कागद लागतो फक्त सहा पानं. पातळ खळीनं पान लावून ते पूर्ण वाळू द्यायचं, मग तोंडानं नाही, स्प्रेनं पाण्याचा अगदी हलका फवारा. कागद आधी सैल पडतो आणि वाळताना पतंगासारखा ताणून बसतो. फार जीर्ण कागदाला फवारा देऊ नये, फाटतो.

पानाची निवड करताना ते उजेडासमोर धरून पाहावं. दिवा लागला की मागच्या बाजूची उलटी अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळतात आणि गच्च छापलेल्या कादंबरीचं पान नुसतं करडं दिसतं. कवितेच्या पानात मोकळी जागा असते, उजेड तिथून येतो. व्याकरणाच्या पुस्तकातली कोष्टकं आणि गणिताची उदाहरणंही सुरेख दिसतात. बल्ब एलईडीच, तीन ते पाच वॉटचा, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्या उजेडात जुना कागद आजारी दिसतो. वर-खाली सांगाडा उघडा ठेवायचा आणि बल्ब कागदापासून आठ सेंटिमीटर तरी दूर हवा. झिरमिळ्या कापताना तंतूंच्या दिशेनं, दीड सेंटिमीटर रुंद. आडव्या कापल्या तर पहाटेच्या दवानं एकेक झिरमिळी चकलीसारखी वळते.

कागदी मण्यांबद्दल थोडक्यात. तळ दीड सेंटिमीटर आणि लांबी २१ सेंटिमीटर असा लांबुळका त्रिकोण, खराट्याच्या हिरावर रुंद बाजूकडून गुंडाळायचा, शेवटच्या पाच सेंटिमीटरना गोंद. ७० जी.एस.एम. कागदाचा मणी मधे साधारण पाच मिलिमीटर जाड होतो. गुंडाळी एका बाजूला सरकली तर मणी शंखासारखा निघतो. दोन हात पाणबंद वॉर्निश, मधे पूर्ण वाळवून. घाई केली तर शाई फुटते.

चहाच्या पाण्यात पानं बुडवून त्यांना जुनं करण्याचा उद्योग कशासाठी करतात ते कळत नाही. खरी जुनी पानं घरात असताना खोटं जुनेपण कशाला? आणि चांगली धडधाकट पुस्तकं चिकटवून त्यांचं स्टूल करणं हे तर फर्निचरही नाही आणि पुस्तकही नाही.

कापायला घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं कोरं पान मात्र आधी उघडून पाहावं. तिथे निळ्या शाईत ‘चि. सौ. कां.’ पासून सुरू होणारी ओळ, तारीख आणि कुणाची तरी सही असते. ते पान पट्टी धरून कण्यापासून सरळ कापून घ्यावं आणि त्याच पुठ्ठ्यात बसवलेल्या नव्या वहीच्या सुरुवातीला, कडेला जेमतेम तीन मिलिमीटर खळ लावून, चिकटवून टाकावं. खळ जास्त लागली तर त्या निळ्या शाईला पाणी सुटतं.